आपण गिऱ्हाईक होतो तेव्हा: गोव्यातून परदेशी जाताना पैसे कसे वाचवावेत

गोव्यात राहणाऱ्याला पर्यटनाचा धंदा वेगळा शिकावा लागत नाही. कळंगुटची खोली नाताळात कितीला जाते आणि तीच खोली जुलैत कितीला मिळते, टॅक्सीवाला ठरावीक दुकानापुढेच गाडी का थांबवतो, किनाऱ्यावरच्या शॅकमधलं ताट आणि मागच्या गल्लीतल्या खानावळीतलं शीतकडीचं ताट यांच्या भावात किती अंतर असतं, हे आपण लहानपणापासून पाहतो. पण आपणच पासपोर्ट घेऊन बाहेर पडतो तेव्हा हे सगळं ज्ञान घरी राहतं. विमानतळावर पैसे बदलतो, पहिली दिसेल ती टॅक्सी धरतो आणि समुद्राच्या तोंडावरच्या हॉटेलात जेवतो. फोंडा, डिचोली, म्हापसा, पेडणे इथून पहिल्यांदा परदेशी निघणारी कितीतरी कुटुंबं मी पाहतो. त्यांचा खर्च वाढतो तो मौजेपायी नाही, अशा छोट्या गळत्यांपायी. त्या गळत्या कुठे असतात आणि कशा बुजवायच्या, हे प्रवासाच्या क्रमानेच सांगतो.

आधी महिना, मग देश

बहुतेक लोक आधी देश ठरवतात आणि मग सुट्टी शोधतात. हा क्रम उलटा करा. मुलांच्या शाळेमुळे मे महिन्यातच जाणं भाग असेल, तर त्याच वेळी अख्खा देश सुट्टीवर असतो आणि तिकिटं चढलेली असतात, हे धरूनच चाला. पण ज्यांचा हात पावसाळ्यात मोकळा असतो, म्हणजे शॅक, गेस्ट हाऊस, टॅक्सी, जलक्रीडा या धंद्यातली माणसं किंवा ज्यांची मुलं मोठी झाली आहेत, त्यांनी जून ते सप्टेंबर हा काळ सोन्यासारखा वापरावा. आपल्याकडे कोसळतो तेव्हा सगळीकडेच पाऊस असतो असं नाही.

बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ऑस्ट्रेलिया-युरोपातली गर्दी येते, त्यामुळे जून किंवा सप्टेंबर धरा. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस असतो, पण त्रिंकोमाली आणि अरुगम बे हा पूर्व किनारा मे ते सप्टेंबर चांगला असतो. व्हिएतनाममध्ये दा नांग, होई आन हा मधला पट्टा ऑगस्टपर्यंत बराच कोरडा राहतो आणि सप्टेंबरनंतर झोडपला जातो. थायलंडचं फुकेत पावसाळ्यात स्वस्त मिळतं, पण समुद्र खवळलेला असतो आणि बोटी रद्द होतात. त्याच वेळी पलीकडच्या, थायलंडच्या आखातातल्या को सामुई बेटावर हवा बरी असते, कारण तिथला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. नेपाळला मात्र पावसात जाऊ नका. दरडी कोसळतात आणि ढगांमुळे शिखरंही दिसत नाहीत.

तिथले सणही पाहून ठेवा. आपल्याकडे चवथीला बाजारपेठा जशा सुन्न पडतात, तशा व्हिएतनाममध्ये तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या दिवसांत पडतात. दुकानं बंद, बसगाड्या भरलेल्या, खोल्या महाग.

कागदपत्रं: दलालाची गरज कुठे नाही

३६ पानी साध्या पासपोर्टची सरकारी फी १,५०० रुपये आहे. तत्काळला वर २,००० लागतात. अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतो आणि भेटीची वेळही तिथेच मिळते. एवढ्यासाठी कुणाला हजार-दोन हजार देऊ नका. घरात पासपोर्ट आधीच असतील तर त्यांची मुदत आजच पाहा. अनेक देशांना प्रवेशाच्या दिवशी निदान सहा महिने शिल्लक लागतात, आणि ऐन वेळी तत्काळचे पैसे भरणं हा निव्वळ आळसाचा दंड आहे.

एक गोष्ट खास गोव्यासाठी. आपल्या वाड्यावर पोर्तुगीज पासपोर्टवर फिरणारं कुणी ना कुणी असतंच. त्याला व्हिसा लागला नाही म्हणून तुम्हाला लागणार नाही असं होत नाही. नियम पासपोर्टचे असतात, गावाचे नसतात. मलेशियाने भारतीयांना दिलेली व्हिसामाफी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आहे. थायलंडनेही अलीकडच्या वर्षांत माफी दिली. पण या सवलती बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा पाहा.

पैसे सर्वात सहज जातात ते नकली संकेतस्थळांवर. थायलंडचं डिजिटल आगमनपत्र १ मे २०२५ पासून सक्तीचं झालं. ते फुकट आहे. मलेशियाचं आणि सिंगापूरचंही फुकट आहे. गुगलवर शोधलं की वर जाहिरातीतली संकेतस्थळं येतात आणि याच फुकटच्या अर्जाचे माणशी हजारो रुपये मागतात. व्हिएतनामच्या ई-व्हिसाची एकवेळ प्रवेशाची सरकारी फी २५ डॉलर आहे. कुणी साठ-सत्तर डॉलर मागत असेल तर ते संकेतस्थळ सरकारी नाही. पत्त्याच्या शेवटी त्या देशाची सरकारी खूण आहे का ते पाहायचं, म्हणजे व्हिएतनामसाठी ‘जीओव्ही डॉट व्हीएन’ आणि थायलंडसाठी ‘जीओ डॉट टीएच’.

पहिल्याच खेपेला कमी पैशांत युरोप करायचा हट्ट मला पटत नाही. शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या सामाईक व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. चार मोठ्या माणसांचं कुटुंब असेल तर विमान ठरण्याआधीच ३६० युरो गेले. खिसा लहान असेल तर नेपाळपासून सुरुवात करा. तिथे भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं (आधार सरसकट चालत नाही), आणि बऱ्याच दुकानांत यूपीआयही चालतं. भूतानही जवळचं आहे, पण तिथे भारतीयांना माणशी दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. ते हिशेबात धरा.

मोपा, दाबोळी की मुंबई?

गोव्यातून, म्हणजे मोपा आणि दाबोळी या आपल्या दोन विमानतळांवरून, परदेशी थेट विमानं मोजक्याच ठिकाणी जातात, त्यातही आखाताकडची जास्त. बाकी बहुतेक ठिकाणी मुंबई, बंगळूर किंवा दुसरीकडे विमान बदलावं लागतं. मग प्रश्न येतो की गोव्यातून सलग तिकीट काढायचं, की मुंबईपर्यंत रेल्वेने जाऊन तिथून उडायचं.

याचं उत्तर कागदावर काढा. समजा मोपाहून जाऊन-येऊन तिकीट माणशी २६,००० आहे आणि मुंबईहून २०,०००. फरक ६,०००. आता मुंबईचा खरा खर्च मांडा: कोकणकन्याचं तिसऱ्या वर्गाचं वातानुकूलित तिकीट दोन्ही वेळचं मिळून अंदाजे अडीच हजार, स्टेशन ते विमानतळ जाऊन-येऊन काहीशे, वाटेतलं खाणं पाचशे. म्हणजे साधारण ३,३०० गेले आणि माणशी २,७०० वाचले. चार माणसांचे १०,८००. हा फेरा घालण्यासारखा आहे. पण फरक तीन हजारांचाच असेल, किंवा विमान अशा वेळी असेल की मुंबईत एक रात्र खोली घ्यावी लागेल, तर मोपाच बरं. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी हा हिशेबही करत नाही, सरळ सलग तिकीट घेतो.

रेल्वेने जायचं ठरलं तर तीन गोष्टी सांभाळा. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधीच खुलं होतं, त्यामुळे विमानाचं तिकीट चार महिने आधी काढलं तरी रेल्वेची तारीख वेगळी लिहून ठेवावी लागते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून लागतं, गाड्या हळू धावतात आणि उशीर नेहमीचाच होतो. रेल्वे आणि विमान ही वेगवेगळी तिकिटं असल्यामुळे गाडी रखडून विमान चुकलं तर विमान कंपनी एक पैसा देणं लागत नाही. म्हणून सकाळी पोहोचणारी गाडी आणि त्याच दिवशी संध्याकाळचं किंवा रात्रीचं विमान, एवढं अंतर ठेवाच. दादरला उतरलात तर मेट्रो ३ थेट विमानतळाच्या टर्मिनल २ ला जाते. मुंबईची लोकल सामानासकट चढण्यासारखी असते तरी कधी!

तिकिटावरचा विमानतळाचा संकेतही वाचा. दाबोळी ‘जीओआय’ आहे, मोपा ‘जीओएक्स’. मुंबईतही आता जुना ‘बीओएम’ आणि पनवेलजवळचा नवी मुंबईचा ‘एनएमआय’ असे दोन झाले आहेत. काणकोणच्या माणसाने न पाहता मोपाचं तिकीट काढलं तर स्वस्त विमानाची सगळी बचत टॅक्सीत जाते. मोपाला कदंबच्या बसगाड्या आहेत. त्यांच्या वेळा पाहून विमान निवडलंत तर टॅक्सीची गरजच पडत नाही.

स्वस्त विमान कंपन्यांत सामानाचे पैसे वेगळे असतात. हातातली बॅग बहुधा सात किलोपर्यंत, आणि काउंटरवर ती खरोखरच तोलतात. मोठी बॅग न्यायची असेल तर तिकिटाबरोबरच ऑनलाइन विकत घ्या, विमानतळावर तोच भार कितीतरी महाग पडतो. चौघांत दोन मोठ्या बॅगा पुरतात. घरीच काट्यावर तोला. खाऊ नेताना जपून: चकल्या, लाडू, जत्रेतलं खाजं हे ठीक आहे, पण खसखस लावलेले अनारसे आखातात किंवा सिंगापूरला नेऊ नका. तिथे खसखस बंदी असलेल्या वस्तूंत मोडते आणि प्रकरण दंडाच्याही पुढे जाऊ शकतं.

पैसा न्यायचा कसा

ज्या गळतीबद्दल मला सर्वात जास्त सांगायचं आहे ती इथे आहे, कारण ती दिसत नाही.

रोख परकीय चलन परवानाधारक विनिमय केंद्रातूनच घ्या आणि पावती घ्या. गोव्यात पर्यटकांमुळे अशी केंद्रं पणजी, मडगाव, म्हापशापासून किनाऱ्यापर्यंत पसरली आहेत. ही आपली सोय आहे, भाव विचारायला चार ठिकाणं मिळतात. गुगलवरचा दर पाहा आणि विकण्याचा दर त्याच्या किती वर आहे ते विचारा. ओळखीच्या शॅकवाल्याकडे किंवा गेस्ट हाऊसवाल्याकडे पडलेले डॉलर घेऊ नका. खाजगी माणसाकडून परकीय चलन विकत घेणं कायद्यात बसत नाही, आणि नोट खोटी निघाली तर तक्रार करायलाही तोंड उरत नाही. रोखीने रुपये देऊन ५०,००० पर्यंतच चलन घेता येतं, त्यावर बँकेतून द्यावे लागतात. बहुतेक देशांसाठी एका खेपेला ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात. एवढ्या न्यायची गरज नसते म्हणा. डॉलर घेतलेच तर शंभराच्या, नव्या, न दुमडलेल्या नोटा घ्या. लहान नोटांना परदेशात कमी भाव मिळतो.

आता कार्ड. बऱ्याच साध्या क्रेडिट-डेबिट कार्डांवर परदेशी खर्चाला साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेची जादा आकारणी असते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकूण ४.१३ टक्के. लाखभर खर्चावर चार हजार रुपये हवेत गेले. मार्कअप नसलेली कार्डं आता मिळतात. प्रवासाच्या दोन महिने आधी एक घेऊन ठेवा, आणि दुसऱ्या बँकेचं एक कार्ड वेगळ्या पिशवीत ठेवा.

कार्ड चांगलं असलं तरी पैसे देताना एक सापळा असतो. बँकॉकच्या हॉटेलात ४,००० बाथचं बिल झालं असं समजा. मशीन पुढे येतं आणि त्यावर दोन चौकटी दिसतात. एका चौकटीत ‘४,००० टीएचबी’, दुसऱ्या चौकटीत ‘११,४०० आयएनआर’. समोरचा माणूस हसून रुपयांच्या चौकटीकडे बोट दाखवतो, आणि आपल्यालाही रुपये ओळखीचे वाटतात. त्या दिवशी बाथचा दर २ रुपये ७० पैसे असेल तर खरं बिल होतं १०,८०० रुपयांचं. रुपयांची चौकट दाबली की सहाशे रुपये गेले, कारण तो दर तुमच्या बँकेने लावलेला नसतो. दुकानाची मशीनवाली कंपनी तो आपल्या मर्जीने लावते. म्हणून सगळीकडे, प्रत्येक वेळी, त्या देशाचं चलनच निवडायचं. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे रुपयांतला दर नाकारायचा. नाकारलं तरी पैसे येतातच, व्यवहार रद्द होत नाही.

एटीएमचं स्वतःचं शुल्कही असतं. थायलंडमध्ये बहुतेक एटीएमवर परदेशी कार्डाला दर खेपेला निदान २२० बाथ लागतात. ६,००० बाथ तीन वेळा दोन-दोन हजार करून काढले तर ६६० बाथ गेले, एकदम काढले तर २२०. दरवेळी थोडे काढणं सुरक्षित वाटतं खरं, पण त्या फरकात दोघांचं पोटभर जेवण होतं.

विमानतळावरच्या आगमन कक्षातली केंद्रं सर्वात वाईट भाव देतात. तरीही बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर तळघरात, रेल्वेच्या फलाटाशेजारी जी केंद्रं आहेत, त्यांचा भाव वरच्या मजल्यापेक्षा बराच चांगला असतो. खाली उतरायचे कष्ट घ्या, शहरात जायची रेल्वेही तिथूनच सुटते.

टूर कंपनीकडून परदेशाचं पॅकेज घेतलं की पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल केलेला आयकर, कापला जातो. विमान एकीकडून आणि खोली दुसरीकडून स्वतः घेतलीत तर हा प्रश्न येत नाही. फॉरेक्स कार्डात (परकीय चलन आधी भरून ठेवायच्या कार्डात) भरलेल्या किंवा चलनात बदललेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस नाही. कापला गेला असेल तरी तो बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता होतो. पण विवरणपत्र न भरणाऱ्या घरांत तो तसाच राहून जातो.

राहणं

खोली स्टेशनजवळ घ्या. समुद्रापासून किंवा मुख्य चौकापासून दोन गल्ल्या मागे गेलं की भाव उतरतो, हे आपल्याला कांदोळी आणि बागा शिकवतातच. पण फार लांब गेलात तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. मेट्रोपासून पायी दहा मिनिटं हे माझं माप. पाहिलेल्या भावात कर आहे का ते तपासा. मलेशियात परदेशी पाहुण्याला दर खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो.

बुकिंग फुकट रद्द होणारंच घ्या आणि निघायच्या आठवडाभर आधी तीच खोली पुन्हा शोधा. मंदीच्या हंगामात भाव खाली आलेला असतो. नवं बुकिंग करून जुनं रद्द करायचं. आठवडाभर राहणार असाल तर थेट गेस्ट हाऊसला लिहून भाव विचारा. संकेतस्थळाला त्यांना दलाली द्यावी लागते, आणि तीतला वाटा ते तुम्हाला सोडू शकतात. आपल्याकडची गेस्ट हाऊसं हेच करतात.

खाणं आणि फिरणं

आग्नेय आशिया गोव्याच्या जिभेला परका नाही. भात, मासळी, नारळाचा रस, आंबट-तिखट. असं असताना तिथे जाऊन भारतीय हॉटेल शोधणं म्हणजे तिप्पट पैसे देऊन घरापेक्षा वाईट जेवणं. सिंगापूरचे हॉकर सेंटर, क्वालालंपूरचे मामक, बँकॉकच्या मॉलमधले फूड कोर्ट, ही स्थानिक नोकरदारांची जेवायची ठिकाणं आहेत. दुपारी एक वाजता जिथे ऑफिसातली माणसं रांगेत दिसतील तिथे उभं राहा. श्रावणात जात असाल किंवा सोमवारी शिवराक (शाकाहारी) लागत असेल तर थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकानं आणि व्हिएतनाममध्ये ‘चाय’ची पाटी शोधा. नुसतं ‘मांस नको’ सांगून भागत नाही, माशाचा रस आणि कोळंबीची पेस्ट त्यांच्या भाजीतही असते.

सुवर्णभूमीहून शहरात जायला विमानतळ रेल्वे फाया थाय स्टेशनापर्यंत ४५ बाथ घेते, तेवढ्याच अंतराला टॅक्सी याच्या अनेक पट. चौघं असाल आणि सामान जड असेल तर मीटरची टॅक्सी परवडते. ठोक भाव सांगणाऱ्याला नाही म्हणा. शहरात नारिंगी जाकीट घातलेले मोटारसायकलवाले असतात, अगदी आपल्या मोटारसायकल-टॅक्सीवाल्या पायलटांसारखे. जवळच्या अंतरासाठी उत्तम, भाव बसण्याआधी ठरवायचा. बँकॉकच्या राजवाड्याच्या बाहेर कुणी ‘आज बंद आहे, मी दुसरीकडे नेतो’ म्हणाला तर ऐकू नका, फाटकापर्यंत स्वतः जा. तो तुम्हाला दलालीच्या दुकानात नेतो. राजवाड्याचं परदेशी माणसाचं तिकीट ५०० बाथ आहे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालूनच जा, नाहीतर दारात लुंगी विकत घ्यावी लागते.

फोनसाठी ई-सिम (फोनमध्येच बसणारं डिजिटल सिम) आधीच घ्या, पण भारतीय सिम चालू ठेवा, कारण बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. फक्त त्याचा डेटा बंद करा.

विमा, आणि स्कूटरचा प्रश्न

प्रवास विमा हा वाचवायचा खर्च नाही. आशियातल्या आठवड्याला तो बहुधा एका साध्या जेवणाइतका पडतो, आणि परदेशातल्या रुग्णालयाचं एक रात्रीचं बिल घर हलवू शकतं. आधीपासूनचा रक्तदाब, मधुमेह अर्जात लिहा. लपवलात तर दावा फेटाळला जातो.

गोव्याच्या माणसाला स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह होतोच, आपण चालायला लागलो तेव्हापासून तिच्यावर आहोत. घ्यायची तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. तुमच्या परवान्यावर दुचाकीचा शेरा हवाच, आणि ज्या देशात जाता तिथे तो परवाना चालतो का ते आधी पाहा. वैध परवाना किंवा हेल्मेट नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. गाडी घेताना मालकाकडे पासपोर्ट गहाण ठेवू नका, छायाप्रत आणि रोख अनामत द्या, आणि गाडीच्या चारी बाजूंचे फोटो त्याच्यासमोर काढा. ओरखड्याचे पैसे मागायची युक्ती सगळ्याच किनाऱ्यांवर सारखी आहे.

परतताना आणि परतल्यावर

शेवटच्या दिवशी उरलेली रोकड हॉटेलच्या बिलात द्या आणि बाकीचं कार्डाने भरा. नाणी परत कुणी बदलून देत नाही. नोटा उरल्या तर २,००० डॉलरच्या मोलापर्यंतच्या स्वतःजवळ ठेवता येतात, त्यावरच्या परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा विनिमय केंद्राला द्याव्या लागतात. फॉरेक्स कार्डात उरलेले पैसे लगेच काढून घ्या. काही कार्डांवर पडून राहिलेल्या रकमेतून वर्षानुवर्षं शुल्क कापलं जातं.

घरी आल्याच्या रात्रीच बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करा. सिंगापुरात मोठी खरेदी केली असेल तर जीएसटी परतावा विमानतळावर मागितला होता ना, तो कार्डावर जमा झाला का ते पाहा. काही हॉटेलं खोली देताना कार्डावर अनामत अडवून ठेवतात. ती सुटायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. महिन्याभरात सुटली नाही तर हॉटेलचं अंतिम बिल जोडून आधी हॉटेलला आणि मग बँकेला लेखी कळवा. फोनवरच्या बोलण्याला पुरावा राहत नाही, ईमेलला राहतो.